पिकअप दम सोडते तेव्हा : पार्ट बदलण्याआधी दुखणे ओळखा



सोयाबीनचे पान पिवळे पडले म्हणजे नेमके काय झाले? आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात पिकाला लोह मिळत नाही, तेव्हा कोवळी पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. रानात पाणी साचून मुळे गुदमरली तरी पीक पिवळे दिसते. पांढऱ्या माशीने पिवळा मोझॅक आणला तरी पान पिवळेच पडते. रंग एक, पण दुखणी तीन आणि इलाजही तीन. दुकानात जाऊन 'पिवळं पडलंय, काहीतरी द्या' म्हणणाऱ्याचा फवारा बहुतेक वेळा वाया जातो, हे आपण सगळे जाणतो.

हीच गोष्ट आता दारातल्या पिकअपला लावून पाहा. गाडी दम सोडते, रेस घेत नाही, डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो. आपण गॅरेजला नेतो आणि म्हणतो, 'पिकअप घेत नाही, काहीतरी करा.' मग कोणी सांगतो थ्रॉटल बॉडी गेली, कोणी सांगतो सेन्सर गेला. काही हजारांचा नवा पार्ट बसतो आणि आठ दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. दुखणे एका जागी होते, औषध दुसऱ्या जागी दिले.

परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीत आणि आसपासच्या गावांत पिकअप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. कापूस, सोयाबीन, तूर मोंढ्यावर न्यायची ती तिच्यावर, खताच्या गोण्या आणायच्या त्या तिच्यावर, आणि पालेभाजी पहाटे बाजारात पोचवायची तीही तिच्यावरच. मेथीची जुडी दुपारपर्यंत थांबत नाही. गाडी वाटेत अडली तर दुरुस्तीच्या खर्चाआधी मालाचेच नुकसान होते. म्हणून शेतीच्या पानावर गाडीचा हा विषय घेतला आहे. हे वाचून आपण मेस्तरी होणार नाही, पण मेस्तरीला योग्य प्रश्न विचारू शकू, एवढे मात्र नक्की.

केबल गेली, वायर आली

जुन्या पेट्रोल गाडीत पायाखालच्या पेडलपासून इंजिनपर्यंत तारेची केबल होती. पेडल दाबले की केबल ओढली जायची आणि हवेच्या नळीतली गोल झडप उघडायची. जुन्या डिझेल गाडीत पेडलचा जोड थेट डिझेल पंपाच्या लिव्हरला होता. बिघाड डोळ्यांना दिसायचा. केबल तुटली, सुतळी बांधली, गाडी घरी आणली, असे अनेकांनी केले आहे.

नव्या गाडीत पेडल आणि झडप यांच्यामध्ये केबल नाही. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात. पाय किती दाबला याचा निरोप ते विजेच्या रूपाने ईसीयूला, म्हणजे गाडीच्या संगणकाला देतात. संगणक हिशोब करतो आणि झडपेवरच्या छोट्या मोटारीला हुकूम देतो. झडप खरोखर किती उघडली हे सांगायला झडपेवरही पुन्हा दोन सेन्सर असतात. झडप, मोटार आणि हे सेन्सर मिळून जो एक संच होतो, त्याला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल बॉडी म्हणतात.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण म्हणतो. ही पद्धत अगदी सुरुवातीला वापरणाऱ्यांत बीएमडब्ल्यू ही जर्मन कंपनीच होती. १९८० च्या दशकात तिने ती आपल्या महागड्या मोटारींत बसवली. तीच पद्धत आज आपल्या भाजीच्या गाडीत आली आहे. देशभर बीएस-४ चा नियम १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ चा १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. धुराचे हे नियम पाळायचे तर हवा आणि इंधन यांचा हिशोब फार बारकाईने ठेवावा लागतो. तारेच्या केबलला ते जमत नाही.

दोन-दोन सेन्सर कशाला?

एका साक्षीदारावर संगणक विश्वास ठेवत नाही, हे याचे सरळ उत्तर आहे. पेडलचे दोन्ही सेन्सर एकच गोष्ट वेगवेगळ्या मापाने सांगतात. पुष्कळ गाड्यांत एकाचा व्होल्टेज दुसऱ्याच्या दुप्पट असतो. झडपेच्या सेन्सरांत बऱ्याचदा एकाचा आकडा चढतो तेव्हा दुसऱ्याचा उतरतो. संगणक सतत दोन्ही आकडे ताडून पाहतो. जमले नाहीत की तो समजतो, कोणीतरी खोटे बोलत आहे. मग तो दिवा लावतो, बिघाडाचा क्रमांक नोंदवतो आणि इंजिनची ताकद आवळून धरतो.

ही ताकद आवळणे म्हणजेच आपण म्हणतो ते 'दम सोडणे'. गाडी मेलेली नसते. चुकीच्या निरोपावर इंजिन एकदम भडकू नये म्हणून संगणकाने मुद्दाम लावलेला तो लगाम असतो. पेट्रोल आणि सीएनजी गाडीत मोटारीची वीज तुटली तरी स्प्रिंगच्या जोरावर झडप किंचित उघडी राहते. तेवढ्या हवेवर गाडी रांगत कडेला घेता येते. म्हणून लक्षात ठेवा, दम सोडणे हा रोग नाही, रोगाची खूण आहे. खूण दाबून टाकली तर रोग आत वाढतो.

डिझेलची गोष्ट थोडी निराळी

आपल्याकडच्या बहुतेक पिकअप डिझेलच्या आहेत, म्हणून हा भाग नीट वाचावा. डिझेल इंजिनचा जोर हवेच्या झडपेवर ठरत नाही, किती डिझेल फवारले जाते यावर ठरतो. पेडलचे सेन्सर संगणकाला सांगतात आणि संगणक इंजेक्टरला. नव्या डिझेल गाडीच्या हवेच्या वाटेवरही झडप असते, पण तिचे काम वेगळे. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात घेणाऱ्या ईजीआरला मदत करणे, सायलेन्सरच्या वाटेवरची काजळीची गाळणी म्हणजे डीपीएफ जाळून साफ होताना धूर गरम ठेवणे आणि इंजिन बंद करताना धक्का कमी करणे, ही तिची कामे. एरवी ती उघडीच असते.

याचा अर्थ असा की, डिझेल पिकअपने दम सोडला तर दोष थ्रॉटलचाच असेल असे नाही. डिझेल फिल्टर तुंबणे, डिझेलमध्ये पाणी येणे, टर्बोची रबरी नळी फाटणे किंवा तिची पट्टी सैल होणे, ईजीआरमध्ये काजळी बसणे, डीपीएफ भरणे या सगळ्यांची खूण सारखीच दिसते. डीपीएफ असलेली गाडी शिवारातल्या शिवारात, हळू आणि थोड्या अंतरावरच फिरत राहिली तर धूर पुरेसा तापत नाही आणि काजळी साचते. अशा गाडीला अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने चालवावे लागते. डीपीएफचा दिवा लागल्यावर काय करायचे ते गाडीच्या पुस्तकात दिलेले असते, ते वाचावे.

पहिले काम : क्रमांक लिहून घ्या

दिवा लागलेली गाडी घेऊन गेल्यावर गॅरेजवाल्याला पहिली गोष्ट सांगायची ती ही : 'आधी स्कॅनिंग करा आणि जे क्रमांक येतील ते मला कागदावर लिहून द्या.' स्टिअरिंगखाली एक सोळा पिनांचे सॉकेट असते. त्याला ओबीडी म्हणतात. स्कॅनर तिथे जोडतात. मोबाइलवर चालणारे स्वस्त स्कॅनरही मिळतात. ते सगळ्याच गाड्यांशी नीट बोलत नाहीत, पण क्रमांक वाचायला पुष्कळदा पुरतात.

बॅटरीची वायर काढून पुन्हा लावायची आणि दिवा घालवायचा, हा उपाय आपल्याकडे फार चालतो. असे करू नका. त्याने दिवा थोडा वेळ विझतो खरा, पण बिघाड झाला त्या क्षणी वेग किती होता, इंजिन किती तापले होते, व्होल्टेज किती होता ही संगणकाने जपलेली नोंदही पुसली जाते. सातबारा फाडून टाकायचा आणि मग जमीन कोणाची म्हणून विचारत फिरायचे, तसला हा प्रकार आहे.

नेहमी भेटणारे काही क्रमांक असे :

पी २१३८ – पेडलच्या दोन सेन्सरांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

पी २१२२ आणि पी २१२७ – पेडलच्या पहिल्या किंवा दुसऱ्या सेन्सरकडून फार कमी व्होल्टेज येतो. वायर तुटणे, कपलर सैल होणे याचा संशय आधी घ्यावा.

पी २१३५ – झडपेच्या दोन सेन्सरांचे आकडे जुळत नाहीत.

पी ०१२२, पी ०१२३, पी ०२२२, पी ०२२३ – झडपेच्या सेन्सरचा व्होल्टेज फार कमी किंवा फार जास्त आहे.

पी २१११ आणि पी २११२ – झडप उघडी किंवा बंद अवस्थेत अडकली आहे.

पी २१०१ – झडपेची मोटार हुकमाप्रमाणे चालत नाही.

पी ०५६२ – गाडीची वीजच कमी पडते आहे.

पी ००८७, पी ०२९९, पी २४६३ – इंधनाचा दाब कमी, टर्बोचा दाब कमी, डीपीएफमध्ये काजळी जास्त. यांचा थ्रॉटलशी थेट संबंध नाही.

एक सूचना फार महत्त्वाची. क्रमांक हा पत्ता आहे, निकाल नाही. पी २१३५ आला म्हणजे 'थ्रॉटल बॉडी बदला' असा त्याचा अर्थ होत नाही. त्या गल्लीत गडबड आहे, एवढेच तो सांगतो. गल्लीत वायर आहे, कपलर आहे, अर्थिंग आहे, सेन्सर आहे. दोषी कोण ते तपासूनच ठरते. बॅटरी कमजोर असेल तर एकदम पाच-सहा क्रमांकही येतात. तेव्हा पाच-सहा पार्ट गेले असे समजू नये. सगळ्यांचे मूळ एक असू शकते.

तपासणीचा क्रम : स्वस्तापासून महागाकडे

१) पायाखाली पाहा. पेडलखाली मॅट सरकली आहे का, गोणपाट, सुतळी, पाण्याची बाटली अडकली आहे का? हसू नका. अमेरिकेत २००९-१० मध्ये टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात म्हणून मोठा गदारोळ झाला आणि लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. अवकाश संशोधन करणाऱ्या नासाच्या अभियंत्यांनी त्यांची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तपासली. तसा वेग घ्यायला लावणारा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही, असे २०११ मध्ये जाहीर झाले. पुढे आलेली कारणे होती पेडल चिकटणे आणि मॅटमध्ये पेडल अडकणे. मॅट हुकाला अडकवलेली असावी. मॅटवर दुसरी मॅट टाकू नये.

२) बॅटरी आणि चार्जिंग. साधा मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी असताना चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ च्या आसपास आकडा हवा. स्टार्टर मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी तपासून घ्यावी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून घट्ट आवळा.

३) अर्थिंग. सगळ्यात जास्त चुकते ते इथे. इंजिन चालू ठेवून दिवे, पंखा चालू करा. मीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. समजा ०.६ आला, तर अर्थची वायर सैल, गंजलेली किंवा तुटत आलेली आहे. संगणकाचा हिशोब तिथेच चुकतो. बोल्ट काढून, गंज घासून, पुन्हा आवळणे हा काही रुपयांचा उपाय आहे. हे न पाहता थ्रॉटल बॉडी बदलली तर नवीही तशीच वागेल.

४) वायर आणि कपलर. चावी बंद करून पेडलचा व झडपेचा कपलर काढा. पिन हिरवी झाली आहे का, वाकली आहे का, आत पाणी किंवा तेल आहे का ते पाहा. मग कपलर बसवा, चावी चालू करा आणि स्कॅनरवर आकडे पाहत वायर हळूहळू हलवा. आकडा उडी मारत असेल तर दोष वायरचा आहे. 'खड्ड्यात गेली की दम सोडते, थोड्या वेळाने बरी होते' ही तक्रार बहुधा इथलीच असते.

५) पेडल. इंजिन बंद, चावी चालू. स्कॅनरवर 'लाइव्ह डेटा' लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबत तळापर्यंत न्या. दोन्ही आकडे गुळगुळीत चढले पाहिजेत. मध्येच गचका बसला किंवा आकडा शून्यावर पडला, तर पेडलचा सेन्सर घासला आहे. पेडलचा संच वेगळा मिळतो. त्याच्यासाठी थ्रॉटल बॉडी बदलायची गरज नाही.

६) हवेची वाट. एअर फिल्टर, त्याचे झाकण, पुढची नळी आणि पट्ट्या तपासा. पेट्रोल गाडीत झडपेच्या पुढे हवा गळत असेल तर उभ्या गाडीची रेस आपोआप चढलेली राहते.

७) सगळ्यात शेवटी झडप. ती काळ्या चिकट थराने भरली आहे का, स्प्रिंगने नीट परत येते का ते पाहायचे.

झडप साफ करताना

इंजिनातली तेलाची वाफ आणि फिल्टरमधून सुटलेली बारीक धूळ मिळून झडपेच्या कडेला चिकट थर बसतो. मळणीच्या दिवसांत खळ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीला हा त्रास लवकर होतो. साफ केल्याने पुष्कळ पेट्रोल गाड्या सुधारतात, पण पद्धत सांभाळली पाहिजे.

चावी बंद करून काढून ठेवावी आणि बॅटरीचा ऋण खांब सोडवावा. चावी चालू असताना झडपेत बोट कधीही घालू नये. मोटार जोराची असते, बोट चिरडू शकते. थ्रॉटल बॉडी साफ करण्यासाठीचाच फवारा घ्यावा आणि तोही सरळ आत न मारता धागे न सुटणाऱ्या फडक्यावर घेऊन पुसावे. झडपेच्या दांड्याच्या टोकांकडे आणि मोटारीकडे द्रव जाऊ देऊ नये. रॉकेल, पेट्रोल, काचपेपर, तारेचा ब्रश यांना बंदी. काही झडपांवर पातळ लेप असतो, तो घासला की झडप कायमची बिघडते. हाताने जोर लावून झडप ढकलू नये, आतले गिअर प्लास्टिकचे असू शकतात.

साफ केल्यावर किंवा पार्ट बदलल्यावर आणखी एक काम राहते. संगणकाला झडपेची नवी 'बंद' जागा शिकवावी लागते. काही गाड्यांत चावी चालू ठेवून, पेडलला पाय न लावता थांबल्यावर ते आपोआप होते. काहींत स्कॅनरनेच करावे लागते. हे राहून गेले तर चांगली झडपही वेडीवाकडी चालते आणि 'डुप्लिकेट पार्ट लावला' म्हणून उगाच भांडण होते.

मग थ्रॉटल बॉडी बदलायची तरी केव्हा? वीज पुरेशी आहे, अर्थिंग चांगले आहे, वायर अखंड आहे, पेडल ठीक आहे, झडप साफ केली आहे, तरीही झडपेच्या सेन्सरचे आकडे जुळत नाहीत किंवा मोटार हुकूम पाळत नाही, तेव्हाच बदलावी. त्याआधी नाही. भंगारातून आणलेला संच वरून सारखा दिसला तरी त्याचा नंबर जुळला पाहिजे.

आपल्या गावातली खास कारणे

उंदीर. सुगीनंतर रान मोकळे झाले की उंदीर आखाड्याकडे आणि घराकडे येतात. सोयाबीनच्या थप्पीजवळ उभी गाडी म्हणजे त्यांना उबदार घर. वायरचे वेष्टण कुरतडले की कधी अर्धी वायर शाबूत राहते आणि बिघाड येतो-जातो. गाडी धान्यापासून दूर लावा, हौद्यात सांडलेले दाणे झाडून घ्या आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून लेंड्या, काडीकचरा दिसतो का ते पाहा. उंदराचे विष मात्र इंजिनमध्ये टाकू नका. ते लेकराबाळांच्या आणि जनावरांच्या हाती-तोंडी लागते.

वेल्डिंग. माल जास्त बसावा म्हणून हौद्याला जाळी, कठडे जोडतात. वेल्डिंगचा मोठा प्रवाह गाडीच्या सांगाड्यातून फिरतो आणि संगणक, सेन्सर जाळू शकतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी आणि वेल्डिंगचा अर्थ कामाच्या अगदी जवळ लावावा. कंपनीने आणखी काही सांगितले असेल तर तेही पाळावे.

धुणे. इंजिनवर जोराच्या पाण्याचा फवारा मारला की कपलरमध्ये पाणी शिरते. पाणी सुकते, गंज राहतो. इंजिन ओल्या फडक्याने पुसलेले बरे.

जादा दिवे आणि स्पीकर. मूळ वायर सोलून जोड मारलेला असेल तर तो आधी काढा. जोड द्यायचाच असेल तर वेगळा फ्यूज आणि रिले लावून बॅटरीवरून द्यावा.

रस्त्यात अडचण आली तर

भरलेली गाडी चढावर एकदम ढिली पडली तर घाबरू नका. पार्किंगचे चारही दिवे लावा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा. दोन मिनिटे थांबून पुन्हा चालू करा. पुष्कळदा ताकद परत येते. आली तरी त्या दिवशीच तपासून घ्या. ताकद आली नाही तर खालच्या गिअरमध्ये, कडेने, जवळच्या सुरक्षित जागेपर्यंतच न्या. माल दुसऱ्या गाडीत भरण्याचा खर्च अपघाताच्या खर्चापेक्षा कधीही कमीच असतो.

उलट, इंजिन आपोआप भडकले तर ब्रेक जोरात आणि एका दमात दाबा, क्लच दाबून गाडी न्यूट्रल करा, कडेला थांबा आणि मग इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी काढू नका. स्टिअरिंग लॉक होईल. आणि सुतळी बांधून, वायर जोडून, सेन्सर 'बायपास' करून गाडी हाकण्याचा जुना खाक्या इथे चालवू नका. तो लगाम तोडण्याचा प्रकार आहे.

बिल आणि हक्क

गाडी हमीच्या मुदतीत असेल तर वायरला हात लावू न देता अधिकृत केंद्रात न्यावी. बाहेर काम केले तर तीन गोष्टी मागून घ्या : स्कॅनिंगचे क्रमांक, पक्के बिल आणि काढलेला जुना पार्ट. जुना पार्ट आपला असतो. तो मागणाऱ्याच्या गाडीतला चांगला पार्ट सहसा बदलला जात नाही.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूंना तो लागू होत नाही, म्हणून 'पिकअप व्यापाराची, तुमची तक्रार चालत नाही' असे कोणी सांगेल. पण जी वस्तू माणसाने स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतली आणि वापरली, ती या कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मात्र कागद नसेल तर कायदा काय करणार? म्हणून बिलाचा आग्रह.

ग्रामपंचायती आणि गटांसाठी

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्यांनी हा विषय आपला नाही असे समजू नये. अनेक ग्रामपंचायतींची कचऱ्याची घंटागाडी ही 'छोटा हत्ती'च्याच जातीची असते. ती हळू चालते, दर घरापुढे थांबते, धुळीत फिरते आणि वरचेवर धुतली जाते. म्हणजे वर सांगितलेली बहुतेक कारणे तिला लागू पडतात. गाडीत एक वही ठेवावी. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, कोणता क्रमांक आला आणि काय केले हे त्यात लिहावे. दुरुस्तीचे बिल मंजूर करताना ही वही आणि जुना पार्ट पाहण्याची पद्धत पाडली तर नुसत्या 'पार्ट बदलला' या शब्दावर पैसे जाणार नाहीत.

शेतकरी गट आणि उत्पादक कंपन्यांनी मिळून एक बरा स्कॅनर आणि एक मल्टिमीटर घ्यावा. गावात आयटीआयमधून मोटार मेकॅनिक किंवा डिझेल मेकॅनिक झालेला एखादा पोरगा असतोच. त्याच्या हाती ही दोन साधने दिली तर गाव-शिवारातल्या दहा-वीस गाड्यांची पहिली तपासणी गावातच होईल आणि त्या पोरालाही काम मिळेल.

सुगीच्या आधी एक दिवस गाडीसाठी राखून ठेवा. बॅटरी, अर्थिंग, कपलर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर आणि पायाखालची मॅट एवढे पाहायला अर्धा दिवस पुरतो. आणि दिवा लागलाच, तर गॅरेजच्या दारात पहिला प्रश्न 'किती खर्च येईल?' हा न विचारता 'क्रमांक काय आला आणि काय काय तपासले?' हा विचारा. या एका प्रश्नाने खिशातले काही हजार आणि बाजाराचा एक दिवस, दोन्ही वाचू शकतात.